वाळवंट वाचवायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

विजेच्या तारांना धडकून मरणाऱ्या माळढोक पक्ष्याचा खटला गेली काही वर्षं बातम्यांत ये-जा करतोय. निवृत्त सनदी अधिकारी आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शिल्पकारांपैकी एक, एम. के. रणजितसिंह, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. २०२१ मध्ये न्यायालयाने सांगितलं की राजस्थान आणि गुजरातमधल्या माळढोकच्या पट्ट्यात, जिथे शक्य असेल तिथे तारा जमिनीखालून न्या. सरकार म्हणालं, हा पट्टा जवळपास ९९ हजार चौरस किलोमीटरचा आहे, एवढं जमणार नाही. २०२४ मध्ये न्यायालयाने तो सरसकट आदेश मागे घेऊन तज्ज्ञांची समिती नेमली आणि डिसेंबर २०२५ मध्ये तिच्या शिफारशी स्वीकारल्या.

या बातम्या वाचणाऱ्याच्या मनात चित्र उरतं ते असं : एका बाजूला दुर्मीळ पक्षी, दुसऱ्या बाजूला देशाची वीज, आणि मधे वाळवंट. तिथे तसंही काही नाही, त्यामुळे भांडण सोडवायला सोपं असायला हवं होतं.

‘तिथे तसंही काही नाही’, सगळा घोळ या समजुतीत आहे. गेल्या दीडशे वर्षांत थरच्या वाळवंटाचं जे नुकसान झालं, त्यातलं बरंच या एका समजुतीपायी झालं, आणि त्यात वाळवंटाचं भलं करायला निघालेले लोकही आले.

वाळवंट कशाला म्हणायचं?

वाळूवरून वाळवंट ठरत नाही. जगातल्या वाळवंटांचा जेमतेम पाचवा हिस्सा वाळूचा आहे, बाकी दगड, खडे, मीठ आणि मुरूम. थरमध्ये वाळूच्या टेकड्या पुष्कळ आहेत, पण जैसलमेरच्या आसपास मैलोन्‌मैल खडकाळ, सपाट माळ लागतो आणि तो पाहून आपल्याकडच्या माणसाला सांगोला-जतची आठवण येईल.

वाळवंट ठरतं पाण्याच्या जमाखर्चावरून. जमेच्या बाजूला पाऊस. खर्चाच्या बाजूला ऊन, वारा आणि झाडापानांमधून उडून जाऊ शकेल एवढं पाणी. जैसलमेरला वर्षाला साधारण २०० मिलिमीटर किंवा त्याहून कमी पाऊस पडतो, आणि तिथलं ऊन वर्षभरात दीड-दोन हजार मिलिमीटर पाणी उडवू शकतं. म्हणजे पगार दोनशे आणि घरखर्चाची मागणी दोन हजार. त्यात पगाराची तारीख ठरलेली नाही. एखाद्या वर्षी सगळा पाऊस चार दिवसांत पडतो, एखाद्या वर्षी पडतच नाही.

असं घर चालवायचं तर दोन गोष्टी लागतात : हातात आलं की लगेच साठवायचं, आणि एरवी खर्च जवळपास शून्यावर आणायचा. वाळवंटातलं प्रत्येक झाड, किडा, जनावर आणि माणूस याच हिशेबावर जगतो. या सगळ्यांनी मिळून बसवलेली जी घडी, तिला परिसंस्था म्हणतात. लेखात जड शब्द म्हणावा असा हा एकच.

साठा दिसत नाही, कारण तो जमिनीखाली आहे

जंगलात गेलं की त्याची श्रीमंती डोळ्यांसमोर उभी असते. वाळवंटात ती मातीत असते. सेवण नावाचं गवत घ्या. वरून पाहिलं तर वाळलेले, पिवळट झुबके, एकमेकांपासून चार हात लांब. मधल्या जागेत वाळू. पण हे गवत बारमाही आहे. एक झुबका वर्षानुवर्षं टिकतो, खाली मुळांचं जाळं पसरून वाळू धरून ठेवतो आणि पहिल्या सरीनंतर काही दिवसांत हिरवा होतो. झुबक्यांमधली जागा रिकामी दिसते खरी, पण तिच्या खालचं पाणी मुळांनी आपसांत वाटून घेतलेलं असतं. तिथे आणखी झुबके मावत नाहीत. थारपारकर गाईचं दूध ज्या चाऱ्यावर उभं राहिलं त्यात हे गवत पहिलं.

खेजडी, म्हणजे दसऱ्याला आपण पुजतो ती शमी, मुळं फार खोल नेते आणि भर उन्हाळ्यात, बाकी सगळं करपलेलं असताना पालवते. तिचा पाला शेळ्या-उंटांना, कोवळ्या शेंगा माणसांना. याच शेंगा वाळवून ‘सांगरी’ होते, आणि राजस्थानी थाळीतल्या केर-सांगरीला आपण हॉटेलात दणकून पैसे मोजतो. खेजडीखाली बाजरी चांगली येते म्हणून शेतकरी नांगरताना तिला वळसा घालतो.

काही ठिकाणी वाळूच्या अगदी वरच्या थरात सूक्ष्म जिवाणू आणि दगडफूल जातीच्या सजीवांची पापुद्र्यासारखी साय धरलेली असते. ती वाऱ्याला वाळू उचलू देत नाही. एका जीपच्या चाकाने ती मोडते आणि पुन्हा धरायला वर्षं जातात. डेझर्ट सफारीचे व्हिडिओ बघताना मला हल्ली उंटापेक्षा टायरच आधी दिसतात.

प्राणीही या हिशेबाबाहेर नाहीत. चिंकारा पाण्याशिवाय दिवसेंदिवस राहतो, लागणारा ओलावा पाल्यातून घेतो. सांडा नावाचा काटेरी शेपटीचा सरडा आयुष्यभर गवत-पाला खातो, थंडीत बिळात दडी मारतो आणि गरुड, ससाणे, खोकड, माळढोक अशा निम्म्या वाळवंटाचं जेवण होतो. हाच तो सांडा, ज्याचं ‘तेल’ मुंबई-पुण्याच्या फुटपाथवर वर्षानुवर्षं विकलं गेलं. त्या तेलाने कुणाचं काही भलं झाल्याचा पुरावा नाही. प्राणी मात्र कायद्याने संरक्षित असूनही पाठीचा कणा मोडून पोत्यात भरला जातो.

माणसांनी हाच हिशेब कसा मांडला

थर हे जगातल्या सर्वांत दाट वस्तीच्या वाळवंटांपैकी एक. दोनेक लाख चौरस किलोमीटरच्या या पट्ट्यात कोट्यवधी लोक राहतात, आणि आपल्याला शाळेत शिकवली तशी टँकरची वाट बघत नव्हे.

तिथली जुनी माणसं पाण्याचे तीन प्रकार सांगतात. पालर म्हणजे थेट पावसाचं, पाताळ म्हणजे खोल विहिरीचं, बहुतेक ठिकाणी खारट. आणि तिसरं रेजाणी. ते असं मिळतं. काही भागांत वाळूखाली जिप्समचा थर आहे. पावसाचं पाणी वाळूतून झिरपतं, या थरावर अडतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यात न मिसळता वाळूच्या कणाकणाला ओल म्हणून चिकटून राहतं. ते मिळवायला अरुंद विहीर खणतात, तिला कुंई म्हणतात. आत एकच माणूस मावतो, तोही बसूनच खणतो, कुदळ मारायला जागाच नसते. खाली गुदमरायला होतं म्हणून वरची माणसं मूठमूठ वाळू जोरात आत फेकतात, तिच्याबरोबर ताजी हवा खाली ढकलली जाते. भिंत ढासळू नये म्हणून गवताच्या जाड दोराची वेटोळी किंवा दगड-लाकडाचे तुकडे रचत जातात. एवढं केल्यावर दिवसाला दोन-तीन घागरी पाणी जमतं. गोड पाणी. तोंड मुद्दाम अरुंद ठेवतात, कारण रुंद विहिरीत तेवढंच पाणी तळाला पसरून उडून गेलं असतं.

जैसलमेरच्या पालीवाल ब्राह्मणांनी काही शतकांपूर्वी बसवलेली ‘खडीन’ ही दुसरी युक्ती. खडकाळ उतारावरून वाहून येणारं पाणी खालच्या अंगाला मातीचा लांब बांध घालून अडवायचं, जमिनीत मुरू द्यायचं, आणि पाणी आटल्यावर उरलेल्या ओलीवर रब्बीचा गहू-हरभरा घ्यायचा. पाऊस २०० मिलिमीटरच्या आत, आणि गहू. यातली काही खडीनं आजही पिकतात.

तिसरी गोष्ट ओरण. आपल्या देवराईचीच बहीण, फक्त गर्द झाडीऐवजी बहुतेक ठिकाणी गवत, बोरी, केराची झुडपं आणि खेजडी. देवाच्या नावाने राखलेली, कुऱ्हाड न लावायची, पण गुरं चारायला खुली जमीन. दुष्काळात सगळीकडचा चारा संपला की ओरण हाच साठा. राजस्थानात अशी हजारो ओरणं आहेत आणि बरीचशी महसुली कागदावर ओरण म्हणून नोंदलेलीच नाहीत. ती दिसतात सरकारी पडीक जमीन म्हणून. पुढचा सगळा तंटा इथून सुरू होतो.

‘मग झाडं लावली तर बिघडलं कुठे?’

बिघडतं, आणि पुरतं बिघडतं. दोनशे रुपये पगाराच्या घरात पाहुणे आणून बसवल्यासारखं होतं.

सर्वांत मोठा दाखला विलायती बाभळीचा, आपण जिला वेडी बाभूळ म्हणतो. मूळची अमेरिका खंडातली. एकोणिसाव्या शतकात भारतात आली आणि ‘वाळवंट हिरवं करणारं झाड’ म्हणून तिचं इतकं कौतुक झालं की १९४० मध्ये जोधपूर संस्थानाने तिला शाही वनस्पतीचा मान दिला. कच्छच्या बन्नी कुरणात ती १९६० च्या सुमारास लावली, रण पुढे सरकू नये या चांगल्या हेतूने. बन्नी हे आशियातल्या नामांकित कुरणांपैकी एक. आज त्याच्या मोठ्या भागावर ही बाभूळ आहे. तिच्या सावलीत गवत धरत नाही. गुरं तिच्या शेंगा खातात आणि शेणावाटे बी सगळीकडे पेरतात. गाईंना त्या शेंगा नीट पचत नाहीत, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या कांक्रेज गाई पाळणारे तिथले मालधारी म्हशींकडे वळले. आता तेच मालधारी जागोजागी बाभूळ मुळासकट काढून गवत परत आणण्याच्या खटपटीत आहेत. हिरवं करण्याच्या हौसेची किंमत अशी दोनदा मोजावी लागते, लावताना आणि उपटताना.

यावर एक शंका हमखास येते : झाडं कार्बन शोषतात, हवामानबदलाच्या काळात वाळवंटात जंगल केलं तर फायदाच ना? इस्रायलमध्ये नेगेव वाळवंटाच्या काठावर १९६० च्या दशकापासून लावलेलं यातीरचं जंगल या प्रश्नासाठी बारकाईने अभ्यासलं गेलं. फिकट वाळू उन्हाचा मोठा भाग परत फेकते, गडद झाडी तो शोषून घेते. त्यामुळे तिथे ही जास्तीची उष्णता कार्बन शोषून मिळणाऱ्या गारव्याने भरून निघायलाच काही दशकं जावी लागतात, असं दिसलं. फायदा अगदीच नाही असं नव्हे, पण कागदावर मांडतात तेवढा तो सरळ नाही.

वाळूच्या टेकड्या वस्तीवर चालून येत असतील तिथे झुडपं लावून त्या रोखणं वेगळं. जोधपूरची मरुक्षेत्र संशोधन संस्था, काझरी, १९५० च्या दशकापासून ते काम करते आणि त्याने गावं, रस्ते, रेल्वेमार्ग वाचले आहेत. माझा आक्षेप आहे उघड्या कुरणाला ‘झाडं नाहीत’ म्हणून आजारी ठरवण्यावर. माळढोक उघड्यावर, नुसत्या जमिनीवर अंडं घालतो. चारी बाजूंना लांबवर दिसणं हाच त्याचा बचाव. तिथे झाडं लावली की शिकारी पक्ष्यांना टेहळणीला फांद्या मिळतात आणि कुत्र्या-कोल्ह्यांना लपायला आडोसा. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर ग्लिरिसिडिया या परदेशी झाडाची लागवड झाली, तेव्हा पक्ष्यांच्या अभ्यासकांची तक्रार हीच होती.

‘कालवा आणला, तोही चुकलाच का?’

इथे उत्तर सोपं नाही, आणि सोपं असल्याचा आव आणणाऱ्यांपासून सावध राहावं.

इंदिरा गांधी कालव्याचं काम १९५८ मध्ये सुरू झालं. पंजाबातल्या हरिके बंधाऱ्यापासून पाणी थेट जैसलमेरपर्यंत आलं. गंगानगर-बिकानेरकडे शेती फुलली, शहरांना प्यायचं पाणी मिळालं. ज्या बाईने डोक्यावरून मैलोन्‌मैल पाणी वाहिलं, तिला पुण्यात बसून ‘परिसंस्थेचा तोल’ ऐकवण्यात अर्थ नाही.

पण हिशेबाची दुसरी बाजूही लिहायला हवी. वाळूत पाणी भरपूर सोडलं की खाली जिप्सम किंवा चिकणमातीच्या थरावर ते साचतं, पातळी वर येते आणि बरोबर मीठ आणते. कालव्याच्या क्षेत्रात अशी चिबड झालेली, पांढरी पडलेली जमीन आहे. सेवणची कुरणं ट्रॅक्टरखाली गेली, आणि बारमाही गवताचा गड्डा एकदा फाळाने उपटला की तो परत लावायला कुणी येत नाही. त्यात हवामानाची नवी तऱ्हा. ऑगस्ट २००६ मध्ये बाडमेर जिल्ह्यातल्या कवास भागात काही दिवसांत वर्षभराच्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त पाऊस कोसळला. शंभराहून अधिक माणसं गेली. पूर ओसरेना, पाणी महिनोन्‌महिने तसंच उभं राहिलं, कारण खाली तोच जिप्समचा थर होता ज्याच्यावर कुंईचं गोड पाणी टिकतं.

‘सौरऊर्जा नको म्हणता का?’

नाही. देशाला कोळसा, तेल, वायू यांच्याव्यतिरिक्तच्या स्रोतांतून २०३० पर्यंत ५०० गिगावॉट क्षमता उभी करायची आहे, आणि ती हवीच. जोधपूर-फलोदीकडचं भादला सौर उद्यान २,२४५ मेगावॉटचं, पन्नासहून अधिक चौरस किलोमीटरवर पसरलेलं, जगातल्या मोठ्या उद्यानांपैकी एक. ऊन तिथे आहे, म्हणून कंपन्या तिथे जाणार.

प्रश्न आहे कुठल्या जमिनीवर, आणि वीज बाहेर कशी न्यायची. पॅनेलखाली जमीन सपाट करतात, झुडपं काढतात, कुंपण घालतात. धुळीने झाकलेले पॅनेल पुसायला पाणी किंवा यंत्रं लागतात. आणि मग माळावरून तारा निघतात, शेकडो किलोमीटर. कागदावर ‘पडीक’ लिहिलेली जमीन ओरण निघते, गावाला कळतं तेव्हा खुंट्या ठोकून झालेल्या असतात. बिकानेरकडे सौर प्रकल्पांसाठी खेजडी तोडल्याविरुद्ध लोक रस्त्यावर आले. जैसलमेरजवळच्या देगराय ओरणातून गेलेल्या तारांना धडकून २०२० मध्ये माळढोक मेला आणि गावकऱ्यांचा लढा देशभर पोचला. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान सरकारला ओरणांची मोजणी करून त्यांना वन म्हणून नोंदवायला सांगितलं. आदेश चांगला आहे. काही गुराख्यांना मात्र उलटीच भीती आहे की, वनखात्याच्या कागदावर चढलेल्या ओरणात उद्या आपल्याच शेळ्यांना बंदी होईल. भीती अगदीच अनाठायी म्हणता येत नाही.

तारांना धडकायला हा पक्षी आंधळा आहे का, असंही लोक विचारतात. आंधळा नाही. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना आहेत, आजूबाजूचं लांबवरचं दिसतं, नेमकं समोरचं कमी. उडताना तो खाली जमीन न्याहाळत असतो. वजन पंधरा किलोपर्यंत, म्हणजे उडू शकणाऱ्या जगातल्या सर्वांत जड पक्ष्यांपैकी एक. तार दिसली तरी ऐनवेळी वळणं जमत नाही. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अंदाजानुसार थरमध्ये तारांमुळे वर्षाला सुमारे १८ माळढोक मरत होते, आणि त्या ४,२०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात सगळ्या जातींचे मिळून जवळपास ८४ हजार पक्षी. ज्याची एकूण संख्या दीडशेच्या आत आहे आणि जो वर्षाला सहसा एकच अंडं घालतो, त्याला अठराचा तोटा झेपणं शक्य नाही.

सगळ्या तारा जमिनीखाली का नेत नाहीत? कमी दाबाच्या नेता येतात. अति उच्च दाबाची एसी वीज लांब अंतरावर केबलमधून नेली तर केबलच बरीच क्षमता खाऊन टाकते, जोड वाढतात, खर्च अनेक पटींनी चढतो. सरकारची ही अडचण खोटी नाही. पण अडचण खरी असली तरी ठरावीक पट्टे आखून तारा तेवढ्यातूनच नेणं, माळढोकच्या पट्ट्याच्या गाभ्यातल्या कमी दाबाच्या तारा गाडणं आणि नवे प्रकल्प त्या गाभ्याबाहेर ठेवणं हे शक्य होतं. तारांवर लटकवायच्या चकत्या हा स्वस्त उपाय आहे. काही ठिकाणी त्याने धडका कमी होतात, माळढोकच्या बाबतीत त्यावर विसंबून राहावं असं मला वाटत नाही.

‘अभयारण्य जाहीर करा, प्रश्न मिटला’

हा प्रयोग महाराष्ट्राने करून पाहिला आहे. १९७९ मध्ये सोलापूर-नगरमध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झालं, क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात शेतं आली, गावं आली, शहरंही आली. खरेदी-विक्री, बांधकाम, कारखाना, सगळ्याला अभयारण्याची आडकाठी. ज्या शेतकऱ्याच्या ज्वारीत माळढोक टोळ टिपत फिरायचा, त्यालाच तो पक्षी नकोसा झाला. पक्षी दिसला तरी सांगू नका, असं वातावरण झालं. अखेर क्षेत्र घटवून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर माळाचा ऊस झाला होता. आज नान्नजला माळढोक दिसला तर पेपरात बातमी येते.

राजस्थानातला दाखला उंटाचा. २०१४ मध्ये उंट राज्यप्राणी झाला, २०१५ मध्ये त्याच्या कत्तलीवर बंदी आणि राज्याबाहेर नेण्यावर निर्बंध घालणारा कायदा आला. हेतू चांगलाच. पण बाहेरचा गिऱ्हाईक गेला, किमती कोसळल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या उंट पाळणाऱ्या राईकांना पोरासोरांना त्या धंद्यात ठेवणं परवडेना. पशुगणनेत देशातले उंट २०१२ मधल्या सुमारे चार लाखांवरून २०१९ मध्ये अडीच लाखांवर आले. घसरण कायद्याच्या आधीपासून सुरू होती, कुरणं आक्रसली हे तिचं मोठं कारण. कायद्याने ती थांबली नाही एवढं नक्की.

दोन्हीकडे जमिनीवर जगणाऱ्या माणसाला हिशेबातून वगळलं गेलं. कुरण कुरण म्हणून टिकतं ते चरणाऱ्या जनावरामुळेही, बेताने आणि फिरत्या चराईने. मेंढपाळ हटवला की तिथे हरीण येतं असं नाही, बहुतेक वेळा प्लॉट पडतात.

वाळवंट पसरतंय म्हणतात, ते काय?

ही भानगड वेगळी आहे आणि ती आपल्या अंगणातली आहे. थर हजारो वर्षांची, धडधाकट परिसंस्था आहे. वाळवंटीकरण म्हणजे कोरड्या भागातली चांगली जमीन माणसाच्या वापराने आणि बदलत्या हवामानाने निकामी होत जाणं. वाळूच्या टेकड्या चाल करून येतात असं त्यात क्वचितच घडतं. माती वाहून जाते, विहिरी तळ गाठतात, मीठ वर येतं. इस्रोच्या २०१८-१९ च्या नकाशांनुसार देशाची जवळपास ३० टक्के जमीन या ना त्या प्रकारे खालावली आहे, आणि क्षेत्राच्या यादीत राजस्थाननंतर महाराष्ट्राचं नाव येतं. महाराष्ट्राच्या वाट्यात वाळूचा भाग नगण्य, पाण्याने धुपलेली आणि झाडोरा गेलेली जमीन जास्त.

म्हणून सेवणचं कुरण ‘पडीक’ आणि पाचशे फूट बोअरचा ऊस ‘विकास’ ही नोंद तपासून बघण्यासारखी आहे. यातलं कोण जमेत बसून खर्च करतंय आणि कोण मुद्दल खातंय?

सध्या गाडी कुठे आहे

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणं आणि पशुपालकांचं वर्ष म्हणून जाहीर केलंय. पुणे वनविभागाने इंदापूरच्या कडबनवाडीत आणि बारामतीच्या शिर्सुफळमध्ये गवताळ माळाची सफारी सुरू केली आहे. लांडगा, तरस, चिंकारा बघायला लोक पैसे देऊन माळावर जातात, ही मला या सगळ्यातली खरोखर नवी गोष्ट वाटते. थरला जायचं असेल तर जैसलमेरजवळ १९८० पासून डेझर्ट नॅशनल पार्क आहे. हिवाळ्यात फलोदीजवळच्या खीचनला हजारो करकोचे उतरतात, तिथले लोक त्यांना कुरजां म्हणतात आणि चुग्गाघरात रोज दाणे टाकतात.

माळढोकचं म्हणाल, तर सम आणि रामदेवरा इथल्या प्रजनन केंद्रांत २०१९ पासून रानातून आणलेली अंडी उबवली जातात. ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं आणि केंद्रांतल्या पक्ष्यांची संख्या आता साठच्या पुढे गेली आहे. तंत्राचा भाग बऱ्यापैकी हाती आला. पुढची पायरी त्यांना मोकळं सोडण्याची. त्यासाठी माणसाला न सरावलेली पिल्लं वाढवावी लागतील, आणि काही शे चौरस किलोमीटर सलग गवत लागेल, ज्यावरून तार जात नाही आणि ज्याच्या सात-बाऱ्यावर पडीक लिहिलेलं नाही.